जेठाच्या उंचीचं दार

दुकानदारानं चौथं, फायबरचं दार पुढे ओढलं तेव्हा भागीरथीनं त्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. आवाज पोकळ आला. तिनं नाक मुरडलं.

"बेन, आ लई लो," दुकानदार म्हणाला. "पाणी लागे के ऊधई, कशुं नहीं थाय. आखुं सुरत आ ज लई जाय छे."

"नेऊ द्या अख्ख्या सुरतला," भागीरथी म्हणाली. "वाळवीचं माझं मी बघीन. मला लाकडाचं पाहिजे. आतून बाहेरून लाकूडच. आणि वरच्या अर्ध्या भागात काचा."

दुकानदारानं तिच्यासोबत आलेल्या भगवान मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री मूळचा परभणीकडचा, पण वीस वर्षं सुरतेत रंधा मारून केस पिकलेला. डिंडोलीतल्या निम्म्या रो-हाऊसची दारं त्याच्या हातची होती. गिऱ्हाईक बाई हट्टाला पेटली की आपण गप्प बसायचं, हे तो केव्हाच शिकला होता. पण बाहेरच्या दाराला काचा म्हटल्यावर त्याला राहवलं नाही.

"ताई, काच टाकायची तर नक्षीची टाका," तो म्हणाला. "उजेड येतो आन् आतलं दिसत नाही. साधी काच टाकली तर गल्लीतलं येणारं-जाणारं तुमच्या घरात बघत बसंल."

"बघू दे की."

"मग पडदा तरी लावताल का?"

"पडदा नाही."

मिस्त्रीनं कानामागची पेन्सिल काढली, पाहिली आणि परत कानामागे ठेवली. यापुढं विचारण्यात अर्थ नव्हता.

मग लाकूड बघणं सुरू झालं. वलसाडी साग हवा हे ठरलेलंच होतं, पण वलसाडी म्हणून गळ्यात मारलेला प्रत्येक ओंडका वलसाडी नसतो. मिस्त्री एकेक फळी उलटून तिची कापलेली बाजू दाखवू लागला. कडेला पांढरट पट्टा दिसला की ते कोवळं लाकूड, कीड आधी तिथं लागते. गाठ असली की त्या जागी काचेची खाच नीट निघत नाही. ओलसर फळी आज सरळ दिसते आणि दोन पावसाळ्यांत पिळवटते. दुसरी एखादी बाई अर्ध्या तासात कंटाळली असती. भागीरथीनं तीन तास घेतले, हातानं फळ्या उचलून पाहिल्या, वास घेतला, आणि सोळा फळ्यांतल्या पाच निवडल्या. मिस्त्रीनं मनातल्या मनात तिला हात जोडले.

आता एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगायलाच हवं. नाहीतर वाटेल, साड्यांना स्टोन लावण्याचा धंदा बरा चाललाय, हाताखाली आठ बायका आहेत, स्वतःचं घर झालंय, तेव्हा बाईला हौस सुचली. हौसबिवस काही नव्हती. भागीरथीला सूड घ्यायचा होता, आणि तो घ्यायला तिला दार लागणार होतं.

सात वर्षांपूर्वी तिचा नवरा कुंदन काविळीनं गेला. तेव्हा ती आणि अकरा वर्षांची हर्षदा जेठाकडे राहत होत्या. जेठ म्हणजे कुंदनचा थोरला भाऊ, हिलाल. सगळे त्याला आप्पा म्हणत. त्याच साली हिलालनं सुरतेबाहेरच्या सचिन गावात घर बांधायला काढलं. भागीरथीनं तिथं रेती वाहिली, विटा वाहिल्या, सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी मारलं. मजूर एखादा दिवस खाडा करायचा, ती कधीच करायची नाही. घर उभं राहतंय याचा तिला खरोखर आनंद होत होता, आणि त्या आनंदाचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

चौकट बसवायचा दिवस उजाडला. खानदेशातून भाऊबंद आले होते. चौकटीच्या माथ्यावर हळद-सुपारीची पुरचुंडी बांधायची, स्वस्तिक काढायचं, नारळ फोडायचा. पूजेचं ताट भागीरथीनंच भरलं होतं आणि तीच ते घेऊन पुढे आली. हिलालनं चारचौघांसमोर हात आडवा केला.

"भागीरथी, तू मांगे सरक," तो म्हणाला. "चौकटवर तुनी सावली पडाले नको."

आवाजही चढवला नाही त्यानं. मीठ कमी झालंय असं सांगावं तसं सांगितलं. त्याची बायको चंचल पुढे झाली, तिनं ताट काढून घेतलं आणि "चाल वं," म्हणत भागीरथीला वॉचमनच्या पत्र्याच्या खोपटात नेलं. आत सिमेंटच्या गोण्या होत्या. चंचलनं बाहेरून कडी घातली. पूजा होईपर्यंतच, असं म्हणाली.

पत्र्यातून काही दिसत नव्हतं. नारळ फुटल्याचा आवाज आला, हसणं आलं. हर्षदानं आई कुठंय म्हणून विचारलेलं ऐकू आलं आणि कुणीतरी तिला पेढा दिलेलाही. पूजा झाली. जेवणं झाली. भांडी घासल्याचे आवाज आले. कडी मात्र कुणी काढली नाही. मुद्दाम नव्हे, तर विसरले म्हणून. उन्हानं पत्रा तापून तिला घेरी यायला लागली तेव्हा वॉचमन आपला डबा घ्यायला आला आणि त्यानं कडी काढली. ती बाहेर आली तर हिलाल बाजेवर आडवा पडून पान खात होता. "कथी व्हतीस?", कुठं होतीस, एवढं साधंही त्यानं विचारलं नाही.

मागे सरक म्हणाला ते तिनं एक वेळ गिळलं असतं. त्याची आईही तेच म्हणाली असती, तिची स्वतःची आईही. पण विसरले, हे तिच्या घशाखाली कधीच उतरलं नाही. महिन्याभरात तिनं डिंडोलीला खोली घेतली, आणि त्या खोलीतल्या पहिल्याच दिवशी ठरवलं, की एक ना एक दिवस माझं दार बसेल. त्याची पूजा मी करीन, माझ्या हातानं. हिलाल बाहेर उभा राहील आणि पहिल्या हळदीपासून शेवटच्या अक्षतेपर्यंत सगळं बघेल.

म्हणून काचा.

सुताराच्या रंध्याखाली फळ्या गुळगुळीत होऊ लागल्या तसा तिचा उत्साह वाढत गेला. दाराला वर सहा काचा, खाली दोन भरीव फळ्या. काचा किती उंचीवर घ्यायच्या ते ठरवायच्या दिवशी तिनं पुठ्ठ्याचं एक दार करून जुन्या चौकटीत अडकवलं आणि मिस्त्रीला बाहेर उभं केलं.

"तुम्ही किती उंच?"

"पाच-पाच असंल."

"मग दोन विटा घ्या. त्यांच्यावर उभे राहा."

"कामून?"

"राहा तर."

मिस्त्री विटांवर उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, गल्लीतली पोरं फिदीफिदी हसायला लागली. भागीरथी आतून त्याच्या डोळ्यांसमोर पुठ्ठ्यावर खूण करत होती.

"इथून देव्हारा दिसतो?"

"दिसतोय."

"माझे हात? ताट?"

"समदं दिसतंय, ताई. पण हितं उभं राहून बघणार कोण हाय?"

"येणार आहे एक जण," ती म्हणाली. "माझा जेठ. त्याच्या उंचीचं करा."

मिस्त्रीला ते प्रेमानं बोलल्यासारखं वाटलं. थोरल्या माणसाचा एवढा मान राखणारी बाई आजकाल कुठं मिळते, असं त्यानं घरी बायकोला सांगितलंसुद्धा. बिचारा सुतार, त्याचं सगळं लक्ष लाकडात.

पूजा कधी करायची यावरून मात्र दोघांचं वाजलं. चौकट उभी राहिली की आधी पूजा, मग पल्ला, म्हणजे उघडझाप होणारं दार, टांगायचा, असा सगळीकडचा नेम. भागीरथीचं म्हणणं, चौकट बसवा, पल्ला टांगा, काचा बसवा, पुसून लख्ख करा, मग पूजा. "असं कुठं असतं का, ताई," मिस्त्री कळवळून म्हणाला. "हितं असतं," ती म्हणाली. विषय संपला.

आमंत्रण द्यायला तिनं हर्षदाला सचिनला धाडलं. हर्षदा आता अठराची, कॉलेजात जाणारी, मैत्रिणींशी गुजरातीत बोलणारी, आईशी मात्र जपून बोलणारी. हिलाल येईल का याची भागीरथीला धाकधूक होती. सात वर्षांत दोन्ही घरांत येणं-जाणं नव्हतं. तो आला नाही तर सागाचं एवढं दार नुसतं दारच राहणार होतं.

हर्षदा संध्याकाळी परतली. "आप्पांनी नारळ हातात घेतला आणि कितीतरी वेळ तसाच कुरवाळत बसले," ती म्हणाली. "मग म्हणाले, येतो. काकूनं आधी नाही म्हटलं होतं. पण तेच म्हणाले, येतो."

"येणारच," भागीरथी म्हणाली. "मान मिळणार म्हटल्यावर तो स्मशानातूनही उठून येईल."

"मम्मी, तू त्यांना खरंच बाहेर उभं करणार?"

"बसायला खुर्ची देईन. मला सिमेंटची गोणी होती."

हर्षदा चहाचं आधण ठेवायला उठली. आईच्या या आवाजापुढं बोलण्यात अर्थ नसतो, हे तिलाही ठाऊक होतं.

हिलालच्या ऐटीबद्दल भागीरथीच्या कानावर अधूनमधून काही ना काही येत असे. तो कडोदऱ्याच्या एका कारखान्यात कापड तपासायचा मास्तर होता. मागावरून उतरलेलं कापड काचेच्या टेबलावरून सरकतं, खाली दिवा असतो, आणि धागा तुटलेला, गाठ आलेली, वीण विरळ झालेली असली की मास्तर तिथं खूण करतो. गेली दोन वर्षं हिलालचं नाव फार झालं होतं. हिलाल मास्तर बघतसुद्धा नाही म्हणे, नुसती बोटं फिरवतो आणि चूक सांगतो. कारागीर तोंडात बोटं घालायचे. नवी पोरं त्याचं बघून आपणही बोटं फिरवायला लागली होती. भागीरथीच्या कानावर हे आलं तेव्हा तिनं दात-ओठ खाल्ले होते. काय तो तोरा, कापडाकडे बघायचेसुद्धा कष्ट नकोत!

दार बसवायला दोन दिवस लागले. मिस्त्रीनं जुनी लोखंडी चौकट तोडून काढली, नवी उभी केली, ओळंबा लावून चारही बाजूंनी सरळ असल्याची खात्री केली, मग भिंतीत घट्ट केली. पल्ला जड होता, म्हणून तीनऐवजी चार पितळी बिजागऱ्या. काचा बसवताना खाचेत चहूबाजूंनी बोटभर नव्हे पण पोस्टकार्डाच्या जाडीएवढी मोकळी जागा सोडली. पावसात लाकूड फुगतं, जागा नसेल तर काच तडकते. शेवटी पल्ला उतरवून त्याच्या माथ्याला आणि तळालाही पॉलिश मारलं आणि तो परत टांगला. "ही कड कुणी बघत नाही," तो म्हणाला, "पाणी मात्र हितूनच शिरतं." भागीरथीनं कापडानं काचा पुसल्या. मग बाहेर जाऊन हिलालच्या जागी विटांवर उभं राहून आत पाहिलं. देव्हाऱ्यातल्या समईची वातसुद्धा वेगळी दिसत होती. त्या दिवशी तिला पोटभर जेवण गेलं.

रविवारी सकाळी गल्लीत मांडव पडला. तीस-पस्तीस माणसं आली. त्यात निम्मे कडोदऱ्याच्या कारखान्यांत काम करणारे, हिलालला मास्तर म्हणणारे. भाऊबंदकीतला सगळ्यात वडील माणूस, दगा नाना, काठी टेकत आला. आणि साडेनऊच्या सुमारास रिक्षातून हिलाल उतरला.

पांढरा सदरा, कडक इस्त्री, टोपी. पाठ अजून ताठ. चंचल त्याच्या कोपराला धरून चालत होती. उतारवयात नवऱ्याला मिरवतेय बघा, भागीरथीच्या मनात आलं. पूर्वी तर चार पावलं मागून चालायची.

"आप्पा, या," भागीरथी म्हणाली आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "तुम्ही सगळ्यासना पुढे उभा ऱ्हा. दारासमोरच."

हिलाल हसला. मान मिळाल्याचं ते हसू तिला पुरतं ओळखीचं होतं. चंचलनं त्याला दारासमोर उभं केलं. भागीरथी आत गेली, हर्षदाला आत घेतलं, आणि दार लावून आतून कडी घातली.

बाहेर क्षणभर सगळे गोंधळले. मग काचेतून आतलं दिसायला लागलं आणि कुजबूज सुरू झाली. भागीरथीनं ताट उचललं. हळदीत बोट बुडवलं आणि दाराच्या आतल्या लाकडावर पहिला ठिपका दिला. मग कुंकू. एका म्हातारीनं तोंडावर पदर घेतला. कुणीतरी मोबाईल वर केला. दगा नानांची काठी दोनदा फरशीवर आपटली. भागीरथीला हे सगळं कडेकडेनं दिसत होतं, पण ती बघत होती एकाच चेहऱ्याकडे. वरच्या उजव्या काचेत, अगदी मापात, हिलालचा चेहरा होता.

तो चेहरा शांत होता.

शांत म्हणजे अगदी प्रसन्न. फोटो काढून घ्यायला बसलेल्या माणसासारखा. भागीरथीचं पित्त खवळलं. निर्लज्ज! तिनं स्वस्तिक काढलं, एकेक रेघ सावकाश, त्याच्या नाकासमोर. चेहरा तसाच. तिनं नारळ घेतला आणि दाराला लागून ठेवलेल्या दगडावर असा आपटला की पाण्याचे थेंब काचेवर उडाले. बाहेरचे सगळे मागे सरकले. हिलालही दचकला, पण एका क्षणानं, आवाज आल्यावर. आणि दचकून त्यानं पाहिलं ते डावीकडे, जिथं कुणीच नव्हतं.

भागीरथीचा हात थांबला.

तिनं ताटातलं निरांजन उचललं आणि काचेजवळ नेलं. त्याच्या डोळ्यांसमोर उजवीकडे नेलं, डावीकडे आणलं. बुबुळं हलली नाहीत. त्याचा हात वर आला, काचेला टेकला आणि बोटं चाचपत कडेच्या लाकडी पट्टीपर्यंत गेली, तिथून पुढच्या काचेपर्यंत. कापडावरून फिरत असतील तशीच. कारखान्यातल्या पोरांनी कारागिरी समजून ज्यांची नक्कल केली, ती ही बोटं होती.

तिनं चंचलकडे पाहिलं. चंचलला सगळं दिसत होतं. आत काय चाललंय तेही, आणि भागीरथीला काय कळलंय तेही. तिनं काचेपलीकडे हात छातीशी नेऊन जोडले, कुणाला दिसणार नाहीत असे, आणि मान अगदी थोडी हलवली.

भागीरथीला रडू आलं नाही. तिला संताप आला. वलसाडी सागाच्या पाच फळ्या, सहा काचा, मिस्त्रीच्या पायाखालच्या दोन विटा, सात वर्षं, आणि ज्याला दाखवायचं त्याला दिसतच नाही! तिला फसवल्यासारखं वाटलं. त्यानं डोळेसुद्धा तिच्या आधीच काढून नेले, असं काहीतरी वेडंवाकडं तिच्या मनात आलं. हातातलं निरांजन काचेवर फेकून मारावं असं वाटलं.

बाहेर दगा नाना बोलायला लागले होते. विधवेनं दाराला कुंकू लावलं ते त्यांच्या पचनी पडत नव्हतं, पण भर मांडवात भांडण नको म्हणून त्यांनी तोड काढली. "आतलं तिनं तिनी करं," ते म्हणाले. "बाहेरनी चौकटले कुकू कोन लावी? घरना मोठा मानूस शे ना आठे. हिलाल, काढ स्वस्तिक."

"कोनी बी काढा ना, नाना," हिलाल म्हणाला. "मी काय..."

"तू काय म्हंजे? तूच काढ."

नानांनी कुंकवाची वाटी त्याच्या हातात दिली. चंचल पुढे झाली तर बायकांपैकी कुणीतरी तिला मागे ओढलं, मान पुरुषाचा आहे म्हणून. कारखान्यातली पोरं मोबाईल वर करून उभी राहिली. हिलाल मास्तर स्वस्तिक काढतोय!

हिलालनं वाटी चाचपली. बोट एकदा वाटीबाहेर गेलं, मग आत. त्याचा चेहरा आता प्रसन्न नव्हता. त्यानं हात पुढे केला आणि पहिली रेघ ओढली. चौकट हातभर बाजूला होती. रेघ उमटली काचेवर, भागीरथीच्या डोळ्यांसमोर.

गल्लीला अजून काही कळलं नव्हतं. नाना पडदा आलेल्या डोळ्यांनी बघत होते. पण आणखी एक रेघ, फार तर दोन, आणि सगळ्यांना कळणार होतं. संध्याकाळपर्यंत कडोदऱ्याला कळलं असतं. डोळे गेलेल्या माणसाला कापड तपासायला कोण ठेवतो? त्याच्या मुली लग्न होऊन गेलेल्या. घर त्याच चाकरीवर चाललेलं. भागीरथीला काहीही करायचं नव्हतं. नुसतं काचेआड उभं राहायचं होतं आणि बघायचं होतं. यासाठीच तर तिनं काचा बसवल्या होत्या.

आणि मग तिला पुढचंही दिसलं. लोक हिलालभोवती जमतील. त्याला खुर्ची देतील, पाणी देतील. आप्पा बिचारे, म्हणतील. डोळे गेले आणि कुणाला बोलले नाहीत, म्हणतील. आजच्या दिवसाची आठवण म्हणजे आप्पांचे डोळे, एवढीच राहील. पत्र्याचं खोपट तर कधी कुणाला माहीतच नव्हतं. बिचारा हिलाल. तिनं कष्टानं मिळवलेल्या दारात उभं राहून तो सगळ्यांची दया घेऊन जाईल, आणि ती परत एकदा विसरली जाईल.

ते ती होऊ देणार नव्हती. तिनं कडी काढली, दार उघडलं आणि बाहेर आली.

आणि जे कुठलीच सून करत नाही ते तिनं केलं. जेठाचं मनगट धरलं.

"आप्पा म्हनतस," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तुना बी हात लागाले जोयजे. मन्हा भाऊनं घर शे, तू बी संगे काढ, असं म्हनतस."

दगा नानांचा जबडा खाली आला. "हिलाल? तू म्हनास?"

भागीरथी टाचा उंचावून हिलालच्या कानाशी गेली. इतक्या जवळून ती त्याच्याशी आयुष्यात बोलली नव्हती.

"नही म्हना," ती पुटपुटली. "म्हना ना, मी थांबस. हात सोडी देस, मंग तुमीच काढा."

त्याच्या कपाळावर घाम आला होता. सगळी गल्ली त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि तेवढं मात्र त्याला न बघताही कळत असावं.

"हा," तो शेवटी म्हणाला. आवाज फुटेना, म्हणून परत म्हणाला. "हा, नाना. मीच सांगं तिले. तिना हात लागाले जोयजे."

"मोठ्यानं सांगा," भागीरथी हळूच म्हणाली.

"तिना हातशिवाय पूजा नही," हिलाल मोठ्यानं म्हणाला.

बायकांच्या घोळक्यातून एक हुंकार आला. कुणीतरी म्हणालं, आप्पांनी मन मोठं केलं. कुणी म्हणालं, असंच पाहिजे. नाना काठीवर रेलून बघत राहिले आणि मग त्यांनीही मान डोलावली, कारण घरचा मोठा माणूस म्हणतो त्यापुढं काय बोलायचं. पोरांचे मोबाईल चालूच होते.

भागीरथीनं त्याचं बोट कुंकवात बुडवलं. चौकटीवर नेलं. उभी रेघ ओढली, मग आडवी, मग चारही टोकं वळवली. आपल्याला हवं तेवढं सावकाश. त्याचं बोट तिच्या बोटाखाली मुकाट चालत होतं. दुसऱ्या बाजूच्या चौकटीवर दुसरं स्वस्तिक काढलं, तेही तितकंच सावकाश. तिला बरं वाटत होतं. वाईट वाटायला हवं होतं असं तिला नंतर कितीदा वाटून गेलं, पण त्या वेळी तिला फक्त बरं वाटत होतं, आणि ते खोटं सांगण्यात अर्थ नाही.

शेवटचा ठिपका झाला. बाहेर दुसरा नारळ फुटला. हर्षदा पेढ्यांचं ताट घेऊन गर्दीत शिरली, आणि लोक दार बघायला पुढे सरकले, लाकडावरून हात फिरवू लागले. भगवान मिस्त्री कुणालातरी चार बिजागऱ्या का लावल्या ते समजावून सांगायला लागला. त्या गडबडीत हिलालनं तिचा हात सोडला नाही, उलट घट्ट धरला.

"भागीरथी," तो पुटपुटला. "कोनले सांगू नको."

आजवर त्यानं तिला हुकूम दिले होते. मागणं मागितलं, ते हे पहिलंच. चंचलही जवळ येऊन उभी राहिली होती आणि तिच्या तोंडाकडे बघत होती. सांगणार नाही, एवढं म्हटलं असतं तरी दोघांचा जीव भांड्यात पडला असता. उद्या सकाळी हिलाल निर्धास्त कामावर गेला असता.

भागीरथीनं आपला हात सोडवून घेतला. काचेवरची कुंकवाची रेघ पदरानं पुसली. मग ती चहाचं बघायला आत गेली, आणि हिलाल उत्तराची वाट बघत दारातच उभा राहिला.